कुरणाच्या हद्दीवरचे टेंबेकाका

विश्वासराव टेंबे माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "ताई, रस्सा घेऊ नका, त्यात आहे."

आम्ही तेव्हा जर्मनीत एर्लांगेनच्या पश्चिमेला एका खेड्यात नुकतंच जुनं घर घेतलं होतं. गावाचं नाव इथे लिहीत नाही, गावकऱ्यांना ते आवडणार नाही. घराच्या मागे कुरण होतं आणि कुरणाला लागून झाडीची एक पट्टी. गार्चिंगच्या विद्यार्थी वसतिगृहात खिडकीतल्या कुंडीपलीकडे जमीन न पाहिलेल्या मला हे सगळं आपलं आहे यावर विश्वास बसत नव्हता. महिन्याभरात गावाच्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळीत, जेवणाचं निमंत्रण आलं. नव्या लोकांचं स्वागत असणार असं समजून मी बेसनाचे लाडू वळले, आणि माझे यजमान नितीन यांनी लग्नातला कोट चढवला. तिथे पोहोचलो तर प्रत्येक ताटात हरणाचं मांस, बटाट्याचे मोठे उकडलेले गोळे, म्हणजे क्लोसे, आणि लाल कोबी. आता काय खायचं, असं आम्ही मराठीत कुजबुजत होतो, तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले लोकरी जाकिटातले वयस्क गृहस्थ मान न वळवता हे वाक्य बोलले. त्यांच्या ताटात कोरडे क्लोसे होते.

ते जेवण स्वागताचं नव्हतंच. टेंबेकाकांनी पाव आणि लोणी आमच्याकडे सरकवत सगळा प्रकार समजावून सांगितला. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीबरोबर येतो, पण लहान जमिनीच्या मालकाला तो एकट्याने वापरता येत नाही. म्हणून गावातल्या सगळ्या मालकांची मिळून एक संस्था असते. ती गावाची सगळी जमीन एकत्र धरून एखाद्या शिकाऱ्याला कराराने देते. त्याने ठरलेली हरणं मारायची, हरणांनी शेत खाल्लं तर शेतकऱ्याला भरपाई द्यायची, आणि वर्षातून एकदा सगळ्या मालकांना जेवू घालायचं. घर घेतलं त्या दिवशीच आम्ही न विचारता त्या संस्थेचे सभासद झालो होतो. आणि त्या संस्थेचे प्रमुख, गावाच्या भाषेत फोरश्टेहर, स्वतः टेंबेकाका होते. जन्मात अंडंही न खाल्लेला माणूस. त्यांनी एक लाडू खाल्ला आणि दुसरा काकूंसाठी कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

काकांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहिताना संपादकांनी प्रसन्न लिहा म्हणून बजावलं आहे. काकांनी आपल्या इथल्या मराठी मंडळाची पहिली ग्रंथपेटी कशी उभी केली, नव्याने येणाऱ्या मुलांना घरं कशी मिळवून दिली, हे इतर लेखांत येईलच. मी त्यांना ओळखते ती गावातली शेजारीण म्हणून. गावातले काका मंडळातल्या काकांपेक्षा बरेच दमलेले आहेत. त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर ही दमणूक वगळता येणार नाही.

हे पद त्यांच्या गळ्यात कसं पडलं ती गोष्ट ते स्वतःच हसत सांगतात. वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत अभियंता असताना त्यांनी गावात घर आणि जमीन घेतली. काही वर्षांनी जुने प्रमुख वारले. सभेत कुणीच तयार होईना, तेव्हा कुणीतरी काकांना विचारलं. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. काका म्हणाले, "प्रयत्न करीन." पुण्यात याचा अर्थ दुसरा कुणीतरी बघा, एवढाच झाला असता. आमच्या या फ्रँकोनिया भागातल्या शेतकऱ्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला, इतिवृत्तात नोंदवला आणि टेबलावर बोटांची पेरं ठोठावून त्यांचं अभिनंदन केलं. घरी गेल्यावर काकूंनी विचारलं, की तुम्ही मुंगी दिसली तर पाय उचलून टाकता, आता हरणं मारायच्या कागदावर सही करणार का? पण शब्द गेला होता, आणि गेलेला शब्द परत घेणं त्यांच्या स्वभावात नाही.

दर वसंतात गास्टहाउसच्या मागच्या खोलीत संस्थेची सभा भरते. पहिल्या वर्षी मी कुतूहलाने गेले, नंतर सवयीने. शेतकरी म्हणतात हरणं फार झाली. झाडीचे मालक म्हणतात रोपं वर येऊ देत नाहीत, शेंडाच खातात. शिकारी हेर (म्हणजे श्रीयुत) आउअर, एरवी सुतारकामातले उस्ताद, म्हणतात की कुत्री घेऊन फिरणारे लोक दिवसभर रानात हिंडतात, हरणं उजेडात बाहेरच पडत नाहीत, तर मी मारू काय? आणि आमच्यासारखे नवे घरवाले म्हणतात मारताच कशाला. दरवर्षी तेच बोलणं, त्याच क्रमाने. काका सगळं ऐकून घेतात. मग ज्याला त्याला त्याच्या घरी जाऊन भेटतात, कारण सभेत माणूस हट्टाला पेटतो आणि स्वयंपाकघरात ऐकतो, असा त्यांचा अनुभव आहे. सगळे त्यांच्यावर सारखेच नाराज असतात. वाद कधी मिटत नाही, फक्त पुढच्या वसंतापर्यंत ढकलला जातो. मला विचाराल तर एवढं करायलाही आयुष्य लागतं.

गेली दोन-तीन वर्षं काका हे पद सोडू बघत आहेत. त्यांच्या हृदयाचं दुखणं मंडळातल्या सर्वांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितली. दर सभेत ते उठून मला मोकळं करा म्हणतात. खोलीतला प्रत्येक जण टेबलक्लॉथकडे बघत बसतो, मग कुणीतरी ठोठावायला सुरुवात करतो आणि काका पुन्हा निवडले जातात. लोक त्यांना मान देतात हे खरं, पण त्या ठोठावण्यात मानापेक्षा सुटकाच जास्त ऐकू येते. मागच्या सभेनंतर काकू मला दारात म्हणाल्या, "यांचा सत्कार पुरे झाला ग. कुणीतरी यांना घरी सोडा."

काकांचं काम सभेपुरतं नाही. मे अखेरीस कुरणं कापायला येतात तेव्हा हरिणी पाडसांना उंच गवतात लपवून ठेवतात. इथलं हरीण लहानसं, आपल्या भेकराएवढं. पाडस तर मांजराएवढं. धोका आला की ते पळत नाही, अंग चोरून बसतं, आणि यंत्र त्याच्यावरून जातं. गावात अंगाची ऊब टिपून पाडसं शोधणारा ड्रोन नव्हता. काकांनी मंडळातल्या सॉफ्टवेअरवाल्या मुलांना गाठलं. सुट्टीच्या दिवशी दहाशिवाय न उठणारी ही पुण्या-मुंबईची मुलं उजाडता उजाडता आमच्या गावात येऊन ड्रोन उडवायला लागली. पडद्यावर उबदार ठिपका दिसला की काका हातमोज्यांवर गवत चोळून, माणसाचा वास लागू न देता पाडसाला उचलत आणि टोपलीखाली सावलीत ठेवत. कापणी झाली की टोपली उचलायची. एकाने त्यांना विचारलं, "काका, आज वाचवायचं आणि पुढच्या वर्षी यालाच मारायच्या कागदावर तुम्हीच सही करायची, याला काय अर्थ?" काकांनी टोपली त्याच्यापुढे केली. मग म्हणाले की अर्थ मला लागला की तुला सांगीन, तोवर टोपली धर. हा प्रश्न त्यांना झोंबला होता हे आम्हाला कळलं, कारण त्या दिवशी ते नाश्त्याला थांबले नाहीत.

सहीचंही त्यांचं एक व्रत आहे. किती हरणं मारायची याचा आराखडा शिकारी करतो, पण प्रमुखाच्या संमतीशिवाय तो पुढे जात नाही. काकांनी ठरवलं की ज्यावर आपण सही करतो ते निदान डोळ्यांनी पाहावं. म्हणून दर हंगामात एकदा ते हेर आउअर यांच्याबरोबर मचाणावर जाऊन बसतात. हेर आउअरनी मला सांगितलं की टेंबे एक शब्द बोलत नाहीत, नजरही वळवत नाहीत, आणि ते शेजारी असले की मी खात्री नसताना कधीच गोळी झाडत नाही. घरी आल्यावर काका अंघोळ करतात. काकू गरम भात वाढतात.

आता माझ्या वाट्याचं लिहायला हवं. पहिल्याच शरदात माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. एका सकाळी त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असताना कुरणात गोळीचा आवाज झाला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक हरीण कोसळलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आपल्या दारात हे नको, एवढंच म्हणाल्या. मलाही नको होतं, आजही नको आहे. ज्याच्या धर्मबुद्धीला शिकार पटत नाही त्याला इथल्या कायद्याने आपली जमीन शिकारीतून वगळून घेता येते. मी जिल्ह्याच्या कचेरीकडे तसा अर्ज केला. अशा अर्जावर संस्थेच्या प्रमुखाचं मत मागवतात. मंडळातले सगळे निर्धास्त होते. काका आपलेच, वर शाकाहारी.

काका एका दुपारी आमच्याकडे आले. एरवी मला अगंतुगं करणारे काका त्या दिवशी खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "रोहिणीबाई, मी तुमच्या अर्जाच्या विरुद्ध मत देणार आहे. ते तुम्हाला कागदावरून कळू नये म्हणून आलो."

मी चिडले. तुम्हाला स्वतःला तरी चालतं का हे, असं विचारलं. तुमचंही कुरण आहे, तुम्ही ते का नाही वगळून घेतलं?

"मला चालत नाही," ते म्हणाले. "पण माझ्या कुरणात नको आणि डेगेलबाईंच्या शेतात चालेल, असं म्हणायचं म्हणजे आपलं पाप शेजारणीकडे ठेवायला देण्यासारखं आहे. हरणं तुमच्याकडे बसतील आणि त्यांच्याकडे जेवतील."

फ्राऊ डेगेल आमच्या पलीकडच्या शेतकरीण. नवऱ्यामागे त्या एकट्या शेती करतात, आणि त्यांचं सोयाबीनचं शेत आमच्या कुरणाला लागूनच आहे. सोयाबीनचे कोवळे कोंब म्हणजे हरणांची मेजवानी. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी मी काकांशी नीट बोलले नाही. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. नितीन कामासाठी झिंडेलफिंगेनला होते, मला डॉक्टरांची जर्मन झेपेना. मी घाईत काकूंना फोन केला होता, त्यांनी काकांना सांगितलं असावं, कारण आम्ही तातडीच्या विभागात पोहोचलो तेव्हा ते आधीच दारात उभे होते. दिवसभर ते सासूबाईंच्या उशाशी बसून प्रत्येक तपासणी मराठीत समजावत राहिले. सासूबाई त्यांना भाऊ म्हणायला लागल्या त्या तेव्हापासून. अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मत बदललं असंही त्यांनी मला वाटू दिलं नाही.

पुढे त्यांचं मत वाचायला मिळालं. शेजारच्या शेताचं नुकसान होईल असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण कचेरीला आमच्या श्रद्धेविषयीच शंका होती. नव्या लोकांना फक्त घरामागे शांतता हवी असते, असं कुणीतरी सुचवलं होतं. त्यावर काकांनी लिहिलं होतं की या कुटुंबाची भावना खरी आहे, ती मी त्यांच्या घरात बसून पाहिली आहे, आणि तिच्याविषयी संशय घेऊ नये. माझा अर्ज मंजूर झाला तो बहुधा या ओळींमुळेच. मंडळात मला शाबासकी मिळाली. काकांना बरंच ऐकून घ्यावं लागलं, परक्यांना धार्जिणे इथपर्यंत. त्यांनी कुणालाही त्या ओळींविषयी सांगितलं नाही. म्हणून आज इथे मी सांगते आहे.

पुढे झालं ते काका म्हणाले होते तसंच. करार नवा झाला, आमचं कुरण वगळलं गेलं आणि हरणांना ते आमच्यापेक्षा आधी कळलं. दिवसभर आमच्या गवतात बसायचं, संध्याकाळी डेगेलबाईंच्या शेतात उतरायचं. हद्दीलगतच्या ओळी उगवल्या तशा संपल्या. हेर आउअर करार सोडायच्या गोष्टी करू लागले. डेगेलबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं, आणि एका अर्थी त्यांचं बरोबरच होतं. काकांनी त्यांच्या शेताभोवती विजेच्या तारेचं कुंपण घालून दिलं. तारेला गवत टेकलं की वीज जमिनीत उतरते आणि कुंपण निकामी होतं, म्हणून ते दर दोन-तीन दिवसांनी स्वतः गवत कापत हद्दीवरून फिरायचे. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली धावपळ ती हीच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना बघायची. त्यांनी एकदाही "मी म्हटलं होतं ना" असं म्हटलं नाही, आणि मला वाटायचं, म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मागच्या मे महिन्यात मी त्यांना म्हटलं, या वेळी मचाणावर मला न्या. ते नको म्हणाले, मी हट्ट धरला. मचाण डेगेलबाईंच्या बांधावर, समोर आमचं कुरण. हेर आउअर, काका आणि मी दाटीवाटीने बसलो. उजेड बराच होता. आमच्या गवतातून एक तरुण नर उठला. तो दुपारभर तिथेच असावा, गवत दबलेलं दिसत होतं. त्याने आळस दिला, पाठ चाटली, चार पाती खाल्ली. आमच्या हद्दीत होता तोवर हेर आउअर यांनी बंदूक मांडीवरून उचललीही नाही. मी मनात म्हणत होते, तिथेच थांब रे बाबा. त्या दिवशी कुंपणाची तार एका ठिकाणी वाऱ्याने पडली होती. तो तिथून सोयाबीनमध्ये उतरला, मान खाली घातली, आणि गोळी लागली. आमच्या कुरणापासून हाकेच्या अंतरावरही नाही, अगदी हद्दीला लागून.

खाली उतरल्यावर हेर आउअर यांनी टोपी काढली. इथल्या रीतीप्रमाणे ओकची एक डहाळी मोडून त्यांनी त्या हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवली. ते गाडी आणायला गेले. मला रडू आवरेना. एवढा अर्ज, एवढी भांडणं, आणि ते तर मेलंच, असं काहीसं मी बोलले. काका बांधावर टेकले होते. त्यांना धाप लागली होती.

"दुपारभर ते तुझ्याकडे निवांत होतं," ते म्हणाले. "तेही काही कमी नाही, रोहिणी. तेवढं मला कुणासाठी करता आलेलं नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यातून काढू शकलेले नाही. इतकी वर्षं गावाची भांडणं अंगावर घेतलेला माणूस मलाच धीर देत होता, आणि स्वतःच्या खाती काहीच जमा नाही असं प्रामाणिकपणे समजत होता. मला त्यांचा राग आला आणि फार वाईटही वाटलं.

ज्यांची जमीन शिकारीतून वगळलेली असते ते संस्थेचे सभासद राहत नाहीत, आणि जो सभासद नाही त्याला प्रमुख होता येत नाही. हे मला हिवाळ्यात चौकशी केल्यावर कळलं. कशासाठी चौकशी केली हे नितीन यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. मग मी पुण्याला सासूबाईंना फोन लावला. कुरण त्यांच्यासाठी वगळून घेतलं होतं, त्यांना न विचारता काही करणं बरं दिसलं नसतं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "मला ते एकदाच दिसलं आणि सोसवलं नाही. तुला दर वर्षी दिसेल. झेपेल का?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "भाऊंनाही झेपत नसणार ग. तू कर."

माझं मत बदललेलं नाही. शिकार मला पटत नाही आणि पटेल असं वाटत नाही. पण मत सांभाळून मी खिडकीत उभी राहायची आणि काकांनी हद्दीवर गवत कापायचं, हे आता पुरे. मागच्या आठवड्यात मी कुरणाची सूट सोडत असल्याचं कचेरीला लिहून दिलं. येत्या सभेत प्रमुखपदासाठी नाव देणार आहे. डेगेलबाईंना काल सांगितलं. त्या "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, एवढं म्हणाल्या आणि मला कॉफीला आत बोलावलं. काकांना अजून माहीत नाही, ते हे इथेच वाचतील.

आपल्या मंडळाच्या वतीने मी विश्वासराव टेंबे यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य चिंतिते. त्यातल्या यापुढच्या सगळ्या दुपारी त्यांच्या आणि काकूंच्या असोत, कुणीही त्यांना तिथून उठवू नये. आणि सभेनंतर कुणी शेतकरी, शिकारी किंवा घरवाला सवयीने त्यांच्या दारात हरणांची तक्रार घेऊन आलाच, तर काकूंनी त्याला चहा न विचारता आमच्या घराचा रस्ता दाखवावा.